सबवूफरला अ‍ॅम्प्लिफायर किती वॅटचा?

प्रश्न : गाडीत १२ इंची सबवूफर बसवायचा आहे. त्यावर ‘६०० वॅट पीक, ३०० वॅट आरएमएस, ड्युअल ४ ओहम’ असं छापलंय. अ‍ॅम्प्लिफायर कोणता घेऊ? – एक वाचक, सातारा

उत्तर : ६०० हा आकडा विसरा. पीक म्हणजे क्षणभर सोसता येणारी ताकद. सतत पेलता येते ती आरएमएस. त्यामुळे निवड ३०० वरूनच करा.

आता ओहम. ‘ड्युअल ४’ म्हणजे प्रत्येकी ४ ओहमच्या दोन कॉइल. पॅरलल जोडल्या तर २ ओहम, सिरीजमध्ये ८. मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर घ्या आणि माहितीपत्रकात ‘२ ओहमला ३०० वॅट आरएमएस’ असा स्पष्ट उल्लेख आहे का, ते पाहा. २ ओहम न पेलणारा अ‍ॅम्प्लिफायर तापून बंद पडेल. ८ ओहमवर जोडलात तर ताकद खूपच कमी मिळेल.

कमी वॅटचा घेतला की सबवूफर सुरक्षित, हा गैरसमज आहे. आवाज पुरत नाही म्हणून गेन वाढवला, की ध्वनिलहरींची टोकं कापली जातात, आवाज फाटतो आणि कॉइल जळू शकते. गेन हे आवाजाचं बटण नव्हे. तो स्टिरिओच्या सिग्नलशी जुळवायचा असतो.

वायरिंगमध्ये काटकसर नको. शुद्ध तांब्याची ८ गेजची वायर वापरा, अर्थिंग रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट आवळा आणि बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज लावाच. वायर कुठे घासून शॉर्टसर्किट झालं, तर गाडी पेटण्यापासून वाचवतो तो हा फ्यूजच.