भूगोल घेऊन पुढे काय?

प्रश्न : मुलीला बारावीनंतर भूगोल आणि पर्यावरण शिकायचे आहे. त्यात भवितव्य आहे का? – एक पालक, आष्टी

उत्तर : जरूर शिकू द्या. आपल्याच भागातल्या पाण्याचे उदाहरण घ्या. आष्टी पर्जन्यछायेत येते, पण पाऊस कमी म्हणूनच टंचाई, हा निष्कर्ष अपुरा आहे. शेजारच्या नगर तालुक्यातले हिवरे बाजारही पर्जन्यछायेतच आहे. तिथे मुरलेल्या पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली आणि बोअरच्या उपशाला आळा घातला. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते भेगांत आणि मुरमाच्या थरात. म्हणूनच बांधाच्या अलीकडची विहीर भरलेली आणि पलीकडचे बोअर कोरडे, असे घडते. पाणी कुठे मुरवायचे, किती उपसायचे, हे नकाशा, उपग्रहचित्रे आणि मोजमापाशिवाय कळत नाही, आणि हे काम जाणणारी माणसे आपल्या तालुक्यांना हवीच आहेत.

नुसत्या पदवीवर नोकरी मिळत नाही, ही शंका रास्त आहे; पाठांतराने मिळवलेल्या पदवीबाबत ती खरीच ठरते. त्यामुळे महाविद्यालय निवडताना जीआयएसची (संगणकावरील भौगोलिक माहिती प्रणालीची) प्रयोगशाळा आणि क्षेत्र-अभ्यास आहे का, ते आधी पाहा. भूवैज्ञानिकाच्या पदासाठी मात्र भूशास्त्राची पदवी लागते. तिचा कल तिकडे असेल, तर प्रवेशाआधीच ठरवा.