विंडोज पुन्हा टाकताय? आधी एडिशन बघा

दुकानाचा लॅपटॉप फॉरमॅट करायचा म्हटलं की पहिला प्रश्न, "की कुठून आणू?" विकत घेऊ नका! विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ नंतर, कंपनीतूनच विंडोज टाकून आलेल्या मशीनची की साधारणपणे मदरबोर्डमध्येच असते.

आधी टॅलीचा बॅकअप घ्या, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. मग सेटिंग्ज, सिस्टिम, अ‍ॅक्टिव्हेशनमध्ये जाऊन बघा, होम आहे की प्रो? तीच एडिशन टाकायची. घोळ इथेच होतो. रिपेअरवाला होमच्या मशीनवर प्रो टाकतो, अ‍ॅक्टिव्हेट होत नाही, मग क्रॅक मारून देतो. त्याच मशीनवर तुमचं नेटबँकिंग चालतं हं! बरोबर एडिशन टाकली, की नेट जोडल्यावर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते.

मदरबोर्ड वॉरंटीत बदलला असेल, तर अ‍ॅक्टिव्हेशन लॅपटॉपच्या कंपनीकडूनच करून मागा.