नव्या कामात कोणाकोणाचा हक्क आहे, याची यादी आधी करा

कारखान्यात नवे यंत्र बसवायचे असो की दुकान वाढवायचे असो, आपण प्रथम पैशाचा हिशोब मांडतो. माणसांचा हिशोब मात्र काम अडले म्हणजे आठवतो. मोठ्या कंपन्या हा हिशोब आधी करतात. त्याचे ठरलेले नियम आहेत, आणि ते आपल्यासारख्या लहान व्यापारी व कारागीर बांधवांनाही उपयोगी आहेत.

इंग्रजीतील 'स्टेकहोल्डर' या शब्दासाठी काही जण 'भागधारक' लिहितात. त्याने घोटाळा होतो. भागधारक म्हणजे कंपनीचे शेअर घेतलेला माणूस. स्टेकहोल्डरचा पैसा गुंतलेला असेलच असे नाही. म्हणून आपण त्याला 'हितसंबंधी' म्हणू.

व्याख्या

अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटने १९९६ साली काढलेल्या मार्गदर्शक ग्रंथात दोन प्रकारचे लोक हितसंबंधी धरले आहेत. एक, जे कामात प्रत्यक्ष सहभागी आहेत. दुसरे, त्या कामामुळे ज्यांचे भले किंवा नुकसान होऊ शकते. २०१२ सालच्या आयएसओ २१५०० या आंतरराष्ट्रीय मानकात आणखी एक प्रकार येतो: आपल्यावर परिणाम होईल असे ज्याला नुसते वाटते, तोही हितसंबंधीच. त्याचे वाटणे बरोबर की चूक, हा प्रश्न नंतरचा.

या 'वाटण्या'ची किंमत मी स्वतः मोजली आहे. एका कारखानदाराने साधे साचे काढून रेपियर लूम बसवायचे ठरवले. त्याच्या यादीत बँक, यंत्राचा विक्रेता, वीज कंपनी आणि माल घेणारा मी, एवढीच नावे होती. भिंतीला लागून राहणाऱ्या शेजाऱ्याला वाटले की जड यंत्राच्या हादऱ्याने आपले घर तडकेल. त्याने अर्ज दिला आणि पाया खोदण्याचे काम दोन महिने थांबले. माझी आगाऊ रक्कम अडकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दिलेली मुदत चुकली. शेवटी शेजाऱ्याला बसवून नकाशा दाखवला, पाया भिंतीपासून दूर घेतला आणि अर्ज मागे आला. हे पहिल्याच दिवशी करता आले असते.

वर्गवारी

१) आतले व बाहेरचे: मालक, जॉबर, विणकर हे आतले, बँक, सूत व्यापारी, सायझिंगवाला, शेजारी हे बाहेरचे.

२) ताकद व आस्था: ज्याची ताकद मोठी आणि आस्थाही मोठी, त्याला प्रत्येक निर्णयात सोबत घ्यावे. ताकद मोठी पण आस्था थोडी, त्याला समाधानी ठेवावे. ताकद थोडी पण आस्था मोठी, त्याला वेळोवेळी माहिती द्यावी. दोन्ही थोडी, त्याच्यावर नुसती नजर ठेवावी.

३) ताकद, हक्क व निकड: मिचेल, एगल आणि वुड या अभ्यासकांनी १९९७ साली ही कसोटी मांडली. तिन्ही गोष्टी असतील तो निर्णायक. ताकद व निकड आहे पण हक्क नाही, तो धोक्याचा. हक्क व निकड आहे पण ताकद नाही, तो परावलंबी. दुसऱ्या कोणी त्याची बाजू घेतली तरच त्याचे ऐकले जाते.

हा परावलंबी माणूस आपल्या धंद्यात कोण? रेपियरमध्ये धोटा नसतो, बाण्याचे सूत सरळ कोनवरून जाते. म्हणजे कांडी भरण्याचे कामच संपते. त्या कारखान्यात कांडी भरणारे चौघे होते. त्यांनी अर्ज दिला नाही, काम थांबवले नाही, म्हणून ते कोणाच्याच यादीत नव्हते, माझ्याही नाही. दोघांना कापड तपासणी व घडीचे काम मिळाले. दोघांना मिळाले नाही. दोन महिने आधी विषय निघाला असता तर त्यांचीही काही सोय बघता आली असती.

पाश्चात्य ग्रंथ हितसंबंधींचा विचार मुख्यतः काम यशस्वी व्हावे म्हणून करतात. त्यात गैर काही नाही. पण आपल्याकडे ही बाब हुकूकुल इबादची, म्हणजे माणसांच्या हक्कांची आहे. शेजारी व मजूर यांच्या हक्कांची हदीसमध्ये किती ताकीद आहे, हे वाचकांना सांगायला नको. ज्याच्या हाती ताकद नाही, त्याची बाजू मालकाने स्वतः मांडली पाहिजे.

करायचे काय?

नव्या कामाआधी वहीच्या एका पानावर चार रकाने पाडा: नाव, त्याचे काय जाईल किंवा काय मिळेल, ताकद किती, आणि त्याला कोण व कधी भेटणार. यादी झाली की आणखी एक प्रश्न विचारा: या कामाने नुकसान होऊनही जो गप्प राहील, असा कोण आहे? त्याचे नाव सर्वात वर लिहा आणि पहिली भेट त्याची घ्या.