तांड्यातील भरतकाम : कलेकडून उद्योगाकडे

माहूर येथे श्री रेणुकामातेच्या आणि दत्तशिखराच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंचे लक्ष वाटेवर दिसणाऱ्या बंजारा स्त्रियांच्या वेशाकडे सहज वेधले जाते. आरशांनी, कवड्यांनी आणि रंगीत दोऱ्यांच्या भरतकामाने खुललेला हा वेश आता मुख्यतः वृद्ध स्त्रियांच्याच अंगावर आढळतो. नांदेड जिल्ह्यातील माहूर व किनवट या तालुक्यांत बंजारा समाजाचे अनेक तांडे आहेत. पैनगंगेपलीकडे लागणारा पुसद तालुका हाही याच समाजाचा मोठा प्रदेश असून सन 1963 ते 1975 या काळात राज्याचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक हे तेथील गहुलीचे. बोलीने व वेशभूषेने वेगळा असलेला हा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो, तर लगतच्या तेलंगणात त्याची गणना अनुसूचित जमातींत होते.

व्यापार हा या समाजाला नवा नाही. बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून देशभर फिरणे हा त्याचा पिढीजात व्यवसाय होता. सतराव्या शतकात भारतात आलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. या तांड्यांबरोबर स्त्रिया व मुलेही चालत. पुढे आगगाडी आली आणि हा व्यवसाय बसला. ब्रिटिश अमलातील 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा कलंक अनेक भटक्या समाजांप्रमाणे बंजाऱ्यांनाही लागला. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण हातची वाहतूक गेली ती गेलीच. आज मराठवाड्यातील अनेक तांड्यांतील पती-पत्नींची जोडी ऊसतोडणीचा एक ‘कोयता’ म्हणून वर्षातील पाच-सहा महिने साखर कारखान्यांच्या परिसरात राबते. मागे राहिलेल्या मुलांच्या शाळेचे काय होते, हे सांगावयास नको.

या स्थितीत तांड्यातील स्त्रीपाशी स्वतःचे असे एक भांडवल आहे, ते म्हणजे तिची सुई. फेटिया म्हणजे घेरदार घागरा, काचळी म्हणजे चोळी, शिवाय ओढणी, डोक्यावरची चुंबळ, पैशांची कोथळी अशा प्रत्येक वस्तूवर ती भरतकाम करी. मात्र हे काम विक्रीसाठी नव्हते. ते लेकीच्या लग्नासाठी होते. त्यामुळे त्याची किंमत किती, हा प्रश्न आईला कधी पडला नाही आणि लेकीलाही नाही. जुने फेटिये कापून केलेल्या पिशव्या व उशांचे अभ्रे मोठ्या शहरांतील दुकानांत चढ्या भावाने विकले जातात. ज्या हातांनी ते भरले, त्यांच्यापर्यंत त्या भावाचा अंशही पोचत नाही.

कर्नाटकातील अनुभव

मराठी वाचकांना घोरपड्यांचे संस्थान म्हणून परिचित असलेल्या सांडूर येथे या प्रश्नाचे एक उत्तर शोधले गेले. तेथील सांडूर कुशल कला केंद्रात लंबाणी स्त्रिया, म्हणजे बंजाऱ्यांच्याच भगिनी, एकत्र काम करतात. या भरतकामातील टाक्यांचे चौदा प्रकार मानले जातात. सांडूरच्या लंबाणी भरतकामास सन 2010 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. जुलै 2023 मध्ये हंपी येथील जी-20 बैठकीच्या वेळी साडेचारशेहून अधिक स्त्रियांनी केलेल्या 1,755 वस्तूंच्या प्रदर्शनाची नोंद गिनेस बुकात झाली. तामिळनाडूतील सित्तिलिंगी खोऱ्याची कथा याहून बोधप्रद आहे. तेथे सन 2006 च्या सुमारास हे टाके जाणणाऱ्या केवळ दोन वृद्ध स्त्रिया उरल्या होत्या. त्यांच्याकडून तरुण मुली शिकल्या आणि ‘पोरगाई’ म्हणजे अभिमान या नावाने त्यांची संस्था उभी राहिली. माहूरच्या तांड्यांत शिकविणाऱ्या आज्या आजही आहेत. हा काळ फार दिवस राहणार नाही.

हिशेबाची बाजू

कला उत्तम असूनही उद्योग का बुडतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका पिशवीच्या भरतकामास चार दिवस लागले. दिवसाची मजुरी 300 रुपये धरली तर मजुरीच 1,200 रुपये होते. कापड, दोरा, आरसे यांचे 150 रुपये मिळवून पिशवी 1,350 रुपयांना पडते. व्यापारी 500 रुपये देऊ करतो. सामानाचा खर्च वजा जाता हाती 350 रुपये, म्हणजे दिवसाला 88 रुपयेही नाहीत. तरीही अनेक जणी ती विकतात, कारण सामानाला पैसे गेलेले दिसतात, दिवस गेलेले दिसत नाहीत.

दुसरीकडे, 1,350 रुपयांची पिशवी यात्रेतला भाविक घेणार नाही. येथे मजुरी कमी न करता भरतकामाचा आकार कमी करावा लागतो. दोन तासांत पुरा होणारा टिक्का साध्या कापडी पिशवीवर बसविल्यास मजुरी 75 रुपये, कापड व शिलाई 60 रुपये, एकूण 135 रुपये. पूजेचे वस्त्र, नाण्यांची कोथळी, देवीच्या फोटोची चौकट या वस्तू याच हिशेबात बसतात. पूर्ण भरलेला फेटिया मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांसाठी राखावा. तेथे त्याचे मोल जाणणारे ग्राहक येतात.

यासाठी लागणारी यंत्रणा अस्तित्वात आहे. आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, 24 फेब्रुवारी 1975 रोजी स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने, तसेच 2011 पासून उमेद अभियानाने, बचतगटांचे जाळे विणले आहे. विमुक्त व भटक्यांसाठी वसंतराव नाईक यांच्या नावाचे विकास महामंडळ कर्जपुरवठा करते. याच परिसरातील गोंड, कोलाम व आंध स्त्रियांसाठी शबरी महामंडळ आणि किनवटचा आदिवासी विकास प्रकल्प आहेत. त्यांच्या मोहफुले व चारोळीच्या व्यवसायाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. कर्जापेक्षा अडचण आहे ती गटात दर ठरविणारी, माल तपासणारी आणि वही लिहिणारी एक स्त्री तयार करण्याची. प्रशिक्षण वर्गात टाके शिकविले जातात. ते तर तांड्याला येतातच!

वेळेचेही गणित आहे. मुकादमाची उचल पावसाळ्यात घरात येते, आणि दसरा-दिवाळीनंतर कुटुंब निघते. माहूरची मोठी यात्रा मात्र नवरात्रात, म्हणजे उचल घेऊन झाल्यावर भरते. म्हणून तोडणीहून परतल्यावर, वैशाख-ज्येष्ठातच, भरतकामास आरंभ व्हावा आणि आषाढ-श्रावणात गटाने तयार मालावर सभासद स्त्रीस आगाऊ रक्कम द्यावी. ती रक्कम उचलीच्या आधी हातात पडली, तर त्या वर्षी कोयता उचलायचा की नाही, हे ठरविताना घरात तिचेही मत विचारले जाईल.