डिपर दिला तरी समोरचा अप्पर का मारतो?

प्रश्न: माझी २०१२ ची हॅचबॅक आहे. डोंबिवली पूर्वेहून ठाण्याला नोकरीला जातो, परतताना रात्रीचे दहा-साडेदहा होतात. कल्याण-शीळ रस्त्यावर समोरचं धड दिसत नव्हतं, म्हणून ॲक्सेसरीवाल्याच्या सांगण्यावरून हेडलाइटचे बल्ब काढून एलईडी बसवले. ‘रात्रीचा दिवस होईल’ म्हणाला होता. उजेड पांढराशुभ्र पडतो खरा, पण मी डिपरवर असलो तरी समोरून येणारा प्रत्येक जण अप्पर मारतो. आणि पावसात आधीपेक्षाही कमी दिसतं. काय चुकलं? टेललाइटही एलईडीचे करून घेऊ का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर: समोरचा तुमच्यावर चिडून अप्पर मारत नाही. तुम्ही डिपर द्यायला विसरलात असं त्याला वाटतं, आणि त्याच्या डोळ्यांपुरतं ते खरंच असतं. हा उद्योग मीही केलेला आहे. नवे एलईडी लावून पहिल्याच रात्री घोडबंदर रस्त्याने निघालो, तर गायमुखच्या चढापर्यंत किती जणांनी अप्पर-डिपर केलं याची मोजदाद राहिली नाही. एका ट्रकवाल्याने तर त्याच्या छतावरचे चारही दिवे पेटवून हिशोब चुकता केला. दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं, आत डोकावले आणि एवढंच विचारलं, “जुने बल्ब फेकले तर नाहीत ना?”

फेकले नव्हते. त्यातलाच एक हातात घेऊन त्यांनी मला दाखवला. तुमच्या गाडीलाही बहुधा हाच असेल, ‘एचफोर’ नावाचा, १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट. काचेच्या नळीत दोन बारीक तारा असतात, एक अप्परची, एक डिपरची. डिपरच्या तारेखाली नखाएवढी एक पत्र्याची वाटी असते. सगळी करामत त्या वाटीची. तारेचा खाली जाणारा उजेड ती अडवते, त्यामुळे डिपरवर असताना मागच्या चकचकीत आरशाच्या फक्त वरच्या भागावर प्रकाश पडतो आणि तिथून तो खाली, रस्त्याकडे वळतो. समोरच्याच्या डोळ्यांकडे जाणारा उजेड जन्मालाच येत नाही. आरशाचा आणि काचेचा प्रत्येक बाक त्या दोन तारा नेमक्या कुठे आहेत हे धरून काढलेला असतो. तार मिलिमीटरभर जरी सरकली तरी उजेडाची कड विस्कटते.

आता तुमचा एलईडी बघा. मधे पट्टी, पट्टीच्या दोन्ही अंगांना चपट्या चिप्स, मागे पंखा. तारेसारखा तो चहूबाजूंनी उजळत नाही. चिप्सची जागाही तारेच्या जागेशी तंतोतंत जुळतेच असं नाही, आणि स्वस्तातल्या मालात वाटी असते ती नावापुरती. आरसा बिचारा आपलं काम इमानदारीने करतो, पण त्याला मिळालेला उजेडच चुकीच्या जागेवरून येतो. मग काही प्रकाश बंपरसमोरच्या दहा मीटरांत सांडतो, काही झाडांवर चढतो, काही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. जवळचा रस्ता लख्ख दिसल्याने आपल्याला वाटतं, वा, काय उजेड आहे! पण जवळच्या लखलखाटाला डोळा सरावला की लांबचा अंधार आणखी दाट होतो. मेट्रोच्या कामाचे पत्रे आणि बिनदिव्याचा उभा टेम्पो नेमके त्या लांबच्या अंधारात असतात.

कंपनीतूनच एलईडी दिवे लागून आलेल्या गाड्यांना हे का होत नाही? कारण तिथे अख्खा दिवा एलईडीसाठी आखलेला असतो, बल्ब बदलून केलेली ती उसनवारी नसते. जर्मनीत २०२० पासून हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या काही एलईडी बल्बना परवानगी मिळाली, पण तीसुद्धा मॉडेलवार तपासून. यादीत तुमच्या गाडीचं नाव असेल तरच.

पावसाचं वेगळं आहे. ओला डांबरी रस्ता आरशासारखा वागतो. तुमचा उजेड त्यावर आपटून पुढे निघून जातो, तुमच्याकडे परत येत नाही, म्हणून रस्ता काळा दिसतो. समोरच्याचा उजेड मात्र त्याच आरशावरून उसळी मारून तुमच्या डोळ्यांत येतो. हे कोणत्याही बल्बने सुटत नाही, पण निळसर पांढऱ्या उजेडात थेंबांची चमक डोळ्यांना जास्त खुपते. ‘पिवळा उजेड धुकं भेदतो’ या समजुतीत फार दम नाही. धुक्याचे थेंब प्रकाशलहरींपेक्षा कितीतरी मोठे असल्याने ते सगळ्याच रंगांना सारखेच विखुरतात. फ्रान्सने तीसच्या दशकापासून १९९३ पर्यंत पिवळे हेडलाइट सक्तीचे केले होते, आणि शेवटी सोडून दिले. डोळ्यांना पिवळा सौम्य वाटतो, एवढं मात्र खरं. माळशेजच्या धुक्यात मला स्वतःला जुना हॅलोजनच बरा वाटतो.

मग उजेड वाढवायचा कसा? बल्बकडे शेवटी या. तुमची गाडी जुनी आहे, तिने नवी असतानाचा उजेड वाटेत कुठे कुठे गमावलाय ते आधी शोधा.

पहिली जागा म्हणजे काच. ती आता काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं, आणि उन्हाने पिवळं-धुरकट होतं. बिल्डिंगखाली उघड्यावर लावलेल्या गाडीचं विशेष. वॉटर पेपर आणि बफिंगने ते साफ होतं, पण वरून अतिनील किरण अडवणारं कोटिंग करून घ्या, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा तेच.

दुसरी जागा वायर. मला हे सगळ्यात जास्त पटलं, कारण डोळ्यांदेखत घडलं. त्या इलेक्ट्रिशियन काकांनी इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर आधी बॅटरीला लावला, मग बल्बच्या कपलरला. मधे सव्वा व्होल्ट गायब. जुन्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो, वायर बारीक, जोड गंजलेले. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने घटतो, म्हणजे एक व्होल्ट गळाला की जवळपास चौथाई उजेड गेला. त्यांनी रिले टाकून बॅटरीपासून थेट जाड वायर ओढली, फ्यूज लावला, आणि त्याच जुन्या बल्बचा उजेड मला ओळखू येईना. रिलेचं काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

याच्या उलट वाट म्हणजे १००/९० वॅटचे बल्ब. ५५ वॅटला साडेचार-पाच अँपिअर लागतात, १०० वॅटला आठच्या वर, आणि असे दोन. काकांकडे एका डब्यात वितळलेल्या होल्डरांचा संग्रहच आहे. त्यातला एक तर खरपूस भाजलेल्या पापडासारखा फुगला होता.

तिसरी जागा सेटिंग, आणि यात खर्च जवळपास नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी लावा, टायरमध्ये हवा नीट हवी, ड्रायव्हरच्या सीटवर कोणीतरी बसवा. डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे १० सेंमी खाली दिसली पाहिजे, आणि डावीकडे थोडी चढलेली. आपण डावीकडून चालतो, म्हणून फुटपाथच्या बाजूला जास्त उजेड. या एक टक्का उताराने ६५ सेंमी उंचीवरच्या दिव्याचा उजेड ६५ मीटरवर जमिनीला टेकतो, ताशी ६० ने तिथे पोहोचायला चार सेकंद लागतात. उतार दोन टक्के झाला की अंतर निम्मं, सेकंदही दोनच. डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक असेल तर एकटे असताना ते शून्यावर ठेवा. मागे तिघं आणि डिकीत सामान असलं की नाक वर होतं, तेव्हा आकडा वाढवा. माझ्या माहितीतल्या निम्म्या लोकांना ते चाक एसीचं वाटतं.

एवढं करूनही कमी वाटलं, तर चांगल्या कंपनीचा जास्त थ्रोचा हॅलोजन घ्या, वॅट तेच, ६०/५५. आयुष्य कमी असतं, पण उजेड योग्य जागी पडतो. बसवताना काचेला बोट लावू नका, बोटाच्या तेलाने ती तिथेच तापून फुटते.

कायद्याचंही ऐका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ म्हणतो की दिव्यापासून ८ मीटर पुढे, उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंच असलेल्या डोळ्यांना तुमचा डिपर दिपवता कामा नये. टेप घेऊन मोजता येतं. घरातल्या कुणाला तिथे उभं करा आणि गाडीत बसून डिपर द्या, काय ते ऐकायला मिळेल. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं.

आता टेललाइट. तिथे एलईडीला माझा सरसकट विरोध नाही. साध्या बल्बची तार तापून उजळायला सेकंदाचा पाचवा भाग घेते, एलईडी तत्काळ लागतो. ताशी ६० ने मागून येणाऱ्याला त्यामुळे तीन मीटर जास्त मिळतात, शीळफाट्याच्या ट्रकांच्या गर्दीत ते थोडे नाहीत. पण दोन गोष्टी बघा. लाल काचेमागे पांढरा एलईडी घालू नका. लाल काच फक्त लाल उजेड बाहेर सोडते आणि पांढऱ्या एलईडीत लाल फारच कमी असतो, मग ब्रेकलाइट गुलाबी-मरगळलेला दिसतो. लाल काचेमागे लालच एलईडी. दुसरं, मूळ बल्ब २१/५ वॅटचा असतो, ५ टेलचे, २१ ब्रेकचे. स्वस्त एलईडीत हा फरकच उरत नाही, तुम्ही ब्रेक दाबलात हे मागच्याला कळतच नाही. रात्री बंद दुकानाच्या शटरसमोर गाडी उलटी लावा आणि ब्रेक दाबून आरशात बघा, उजेडात स्पष्ट उडी दिसली पाहिजे. इंडिकेटर एलईडीचे केलेत तर ते घाईघाईने टिकटिकतील, कारण करंट कमी झाल्याने रिलेला बल्ब गेल्यासारखं वाटतं.

आणि इंडिकेटर देताना टेललाइटही सोबत लुकलुकत असेल तर बल्ब बदलू नका, अर्थिंग खराब आहे. आपल्याकडे खाडीच्या हवेने होल्डरमध्ये हिरवट थर चढतो. ब्रश आणि पॉलिश पेपरने तो काढला की दिवा सुधारतो.

प्रश्न: वडील सांगतात, पूर्वी हेडलाइटच्या वरच्या भागाला काळा रंग लावत. आमच्या गाडीचा डिपर डोळ्यांत जात असेल तर तसा लावू का? — एक वाचक, कल्याण पश्चिम

उत्तर: नको. १९७१ च्या युद्धात ब्लॅकआउटसाठी दिवे काळे केले जात, आणि नंतरही कितीतरी वर्षं काळे पट्टे गाड्यांवर दिसायचे. पण वर सांगितलंच, एचफोर बल्बचा डिपर आरशाच्या वरच्या भागातून बाहेर पडतो. वरची काच काळी केलीत तर तुमचा डिपरच मरेल, आणि समोरच्याला अप्परचा त्रास होतच राहील. आधीच्या मालकाने रंग लावलेला असेल आणि खरी काच असेल तर ब्लेडने खरवडा. प्लास्टिक असेल तर थिनर वापरू नका, ते कायमचं धुरकट होतं.