‘कोर्ट’ कंटाळवाणा वाटला तर?

प्रश्न : ‘कोर्ट’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला म्हणून मोबाईलवर लावला, पण अर्ध्यातच बंद केला. माझीच समज कमी पडते का?
– एक वाचक, नांदगाव खंडेश्वर

उत्तर : मुळीच नाही. पुरस्कार परीक्षकांची पसंती सांगतो; तो चित्रपट प्रत्येकाला आवडलाच पाहिजे, असं नाही.

दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ मध्ये व्हेनिस महोत्सवातही गौरवण्यात आलं. त्यातला संथपणा मुद्दाम आहे. सरकारी वकीलबाई जुन्या कायद्याची कलमं एकसुरात वाचत राहतात, कॅमेरा जागचा हलत नाही, पुढची तारीख पडते. खटल्यातले आरोपी शाहीर नारायण कांबळे यांचं आयुष्य असं तारखांत अडकतं. शेतीच्या दाव्यापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला हे लगेच उमगेल. मोबाईलवर, मध्येच येणाऱ्या फोनांमुळे ते निसटतं.

नावाजलेलं सगळं संथच असतं, असंही नाही. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मधली (१९३६) तुकारामांची बायको जिजाई आजारी पोराला ओढत, हातात वहाण घेऊन थेट विठ्ठलाला जाब विचारायला देवळात शिरते. हा चित्रपट मुंबईत वर्षभराहून अधिक काळ चालला.

म्हणून आधी ‘संत तुकाराम’ पाहावा. मग ‘कोर्ट’ मोठ्या पडद्यावर, एका बैठकीत. तरीही रुचला नाही, तर खुशाल सोडून द्यावा.