तेलाकडून विजेकडे : छोट्या व्यापाऱ्याने मांडायचा हिशेब

कापडाच्या व्यापारात भाडे हा असा खर्च आहे, जो गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि व्यापाऱ्याला चुकत नाही. मागावरून निघालेला ताका प्रोसेसला जातो, तेथून गोदामात येतो, गोदामातून दुकानात आणि दुकानातून गिऱ्हाइकाकडे. प्रत्येक फेरीत डिझेल जळते. आपला देश गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो. म्हणून दूरदेशी कोठे लढाई पेटली की आपल्या गल्लीतले टेम्पोचे भाडे वाढते. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध झाले आणि तीन डॉलरच्या आसपास असलेले पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या जवळ गेले. २००८ च्या जुलैत तेच १४७ डॉलरला भिडले.

आता बाजारात विजेवर चालणाऱ्या मालवाहू तीनचाकी गाड्या मोठ्या संख्येने आल्या आहेत. २०२३ मध्ये विजेच्या तीनचाकींच्या विक्रीत भारताने चीनलाही मागे टाकले. “घ्यावी की न घ्यावी?” हा प्रश्न व्यापारी बंधू आम्हांला विचारतात. उत्तर होय किंवा नाही असे एका शब्दात देता येत नाही. हिशेब मांडूनच द्यावे लागते. तो कसा मांडावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

गिरण्यांनी हा बदल आधीच पाहिला आहे

आपल्या धंद्याला ही गोष्ट नवी नाही. मुंबईच्या कापडगिरण्या आरंभी कोळशावर चालत. कोळसा जाळा, पाण्याची वाफ करा, वाफेवर मोठे इंजिन फिरवा आणि पट्ट्यांनी सारी यंत्रे ओढा, अशी ती रीत होती. १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळ्याच्या परिसरात पावसाचे पाणी तलावांत साठवून ते सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीस सोडायचे आणि त्यावर वीज करायची, अशी ही योजना. या विजेचे मोठे गिऱ्हाईक मुंबईच्या कापडगिरण्याच होत्या.

यात व्यापाऱ्याने ध्यानात घेण्याजोगी बाब एकच आहे. कोळशाच्या गिरणीत खर्च रोजचा होता, तर पाण्याच्या विजेत खर्च आगाऊ होता. तलाव, नळ, यंत्रे आणि तारा यांवर भांडवल प्रथम घालावे लागले; त्यानंतर पाऊस फुकट पडत राहिला. विजेची गाडी आणि छपरावरचे सौर पॅनेल यांचा स्वभाव अगदी असाच आहे. तेलाच्या गाडीत इंधन रोज विकत घ्यावे लागते. विजेच्या गाडीत त्या इंधनाचा बराचसा पैसा बॅटरीच्या रूपाने पहिल्याच दिवशी मोजावा लागतो.

वीज स्वस्त का पडते?

लाइट बिलावर जे युनिट असते, तेच ऊर्जेचे माप येथे घेऊ. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. परंतु इंजिन त्यातला बराच मोठा भाग उष्णता म्हणून हवेत सोडते. चाकापर्यंत पाव-तिसरा हिस्सा पोहोचला तरी पुष्कळ. विजेची मोटार मात्र मिळालेल्या ऊर्जेपैकी चार-पंचमांशाहून अधिक कामाला लावते. म्हणजे शंभर मीटर सूत देऊन एका कारागिराकडून पंचवीस मीटर कामाचे मिळावे आणि दुसऱ्याकडून ऐंशी मीटर, असा हा फरक आहे.

हिशेब

खालील आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

धरून चालू की डिझेलची मालवाहू रिक्षा लिटरला २५ किलोमीटर जाते आणि डिझेल ९० रुपये आहे. म्हणजे किलोमीटरला ३ रुपये ६० पैसे. विजेच्या रिक्षाला १०० किलोमीटरला मीटरवरून १२ युनिट लागतात आणि युनिट १० रुपयांना पडते. म्हणजे किलोमीटरला १ रुपया २० पैसे. बचत किलोमीटरमागे २ रुपये ४० पैसे.

आता गाडी रोज ८० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस धावली, तर २००० किलोमीटर होतात आणि बचत ४८०० रुपये होते. विजेची गाडी सव्वा लाखाने महाग पडली असे धरले, तर ही जादा रक्कम २६ महिन्यांत फिटते. पण तीच गाडी रोज ४० किलोमीटरच धावली, तर बचत २४०० वर येते आणि तीच रक्कम फिटायला ५२ महिने लागतात. गाडी तीच, बॅटरी तीच, परंतु एकाला नफा आणि दुसऱ्याला नुसती वाट पाहणे.

यात व्याज घातले की चित्र आणखी बदलते. ते सव्वा लाख मूळ रकमेवर वर्षाला १८ टक्के दराने उचलले, तर महिन्याला १८७५ रुपये व्याज होते. ८० किलोमीटरवाल्याकडे बचतीतून २९२५ रुपये उरतात. ४० किलोमीटरवाल्याकडे फक्त ५२५. इंधनाची बचत सावकाराच्या किंवा फायनान्सवाल्याच्या खात्यात गेली. व्याज ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी तर हा आकडा पाहावाच. परंतु ज्यांना नाही त्यांनीही पाहावा, कारण ‘महिन्याला इंधनात एवढे वाचतात’ असे सांगणारा विक्रेता व्याजाचा रकाना दाखवतोच असे नाही.

खरेदीपूर्वी चार चौकश्या

पहिली चौकशी बॅटरीची. शिसे-आम्लाची बॅटरी स्वस्त असते, पण रोजच्या ओझ्याला ती बहुधा वर्ष-दीड वर्षात थकते. लिथियमची महाग असते, पण अधिक वर्षे टिकते. लिथियम बॅटरीचा भाव २०१० मध्ये युनिटमागे १००० डॉलरहून अधिक होता. ब्लूमबर्ग एनईएफ या संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये तो सरासरी ११५ डॉलरवर आला. तेव्हा हमी किती वर्षांची व किती किलोमीटरची, हे तोंडी न ऐकता लेखी घ्यावे. हमीपेक्षा कर्जाची मुदत लांब असेल तर सौदा करू नये. बॅटरी थकल्यावरही हप्ता थकत नाही.

दुसरी चौकशी कराची. विजेच्या वाहनांवर ऑगस्ट २०१९ पासून जीएसटी ५ टक्के आहे. पेट्रोल-डिझेलच्या तीनचाकींवर तो २८ टक्के होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये १८ टक्के झाला. म्हणून जुन्या कोटेशनवरून तुलना करू नये. दोन्ही गाड्यांचे ताजे भाव एकाच आठवड्यात मागवावेत.

तिसरी चौकशी मीटरची. गाडी कोणत्या जोडणीवर भारणार, घरगुती, दुकानाच्या की चार्जिंगच्या वेगळ्या दराने, हे आधी ठरवावे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये वीजग्राहकांच्या नियमांत दुरुस्ती करून सूर्यप्रकाशाच्या तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा, असे ठरविले. १० किलोवॉटहून अधिक मागणी असलेल्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. ज्यांचे कारखान्याचे मीटर या वर्गात बसते त्यांनी आपले बिल वाचावे. दुपारी माल उतरत असताना गाडी भारली, तर भावातही फायदा आणि वेळेचाही.

चौथी चौकशी आपल्याच रस्त्याची. आठ दिवस वहीत किलोमीटर लिहावेत. अंदाजाने ‘साठ-सत्तर तर होतातच’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मीटर मात्र निराळे बोलतो.

वीज स्वच्छ आहे काय?

गाडीच्या नळीतून धूर येत नाही हे खरे. पण आपल्या देशात आजही बहुतांश वीज कोळशावर होते. २०२५ च्या मध्यास सरकारने जाहीर केले की देशाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेत बिगर-कोळसा, बिगर-तेल, बिगर-वायू स्रोतांचा वाटा ५० टक्के झाला. येथे मागवाल्यांना वेगळे समजावण्याची गरज नाही. शेडमध्ये किती माग उभे आहेत हा एक आकडा आणि दिवसाला किती कापड निघाले हा दुसरा. सौर पॅनेल रात्री बंद असते, म्हणून क्षमता निम्मी असली तरी प्रत्यक्ष वीज निम्मी नसते. तरी दिशा चांगली आहे.

स्वच्छ विजेचीही कोणीतरी किंमत मोजत असतो. मुळशीच्या धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्यात पुढे होते. धरण झालेच. आज तीच काळजी जुन्या बॅटरीची आहे. शिसे उघड्यावर वितळवले की त्याचे विष प्रथम आसपासच्या मुलांना बाधते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आपण जुनी बॅटरी दोन पैसे जादा देणाऱ्या भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत केंद्रातच द्यावी.

आणखी एक गैरसमज दूर करावा. गाड्यांतून तेल गेले म्हणजे कापडवाले तेलाच्या भावातून सुटले, असे नाही. पॉलिस्टरचे सूत पीटीए आणि एमईजी यांपासून बनते आणि त्या दोहोंचे मूळ बव्हंशी तेल आणि वायूत आहे. तेव्हा सुताचा सौदा करताना कच्च्या तेलाचा भाव पाहण्याची सवय सोडू नये.

मार्ग कोणता?

हिशेबातून दोन अडचणी पुढे येतात : भांडवल कमी आणि किलोमीटर कमी. छोट्या पेढीला दोन्ही एकदम असतात. आमच्या मते दोहोंवर उपाय एकच आहे, तो म्हणजे भागीदारी. एका पेढीची गाडी रोज ४० किलोमीटर धावत असेल, तर एकाच बाजूच्या दोन पेढ्यांची मिळून ८० धावेल. जादा भांडवल निम्मे-निम्मे होईल आणि व्याजाने उचलण्याची गरजही कमी होईल.

यात ज्याचे पोट डिझेलच्या टेम्पोवर आहे त्या चालकाचा विचार अवश्य व्हावा. पेढ्यांनी आपापल्या गाड्या घेतल्या तर त्याचे भाडे जाते. उलट त्यालाच भागीदार केला, भांडवल व्यापाऱ्यांचे, मेहनत व रस्त्याची माहिती त्याची आणि नफ्यात ठरलेला हिस्सा, तर गाडी जपली जाते आणि घरही चालते. मुदारबतीचा हा व्यवहार आपल्या लोकांना परका नाही. फक्त तो कागदावर असावा. गाडी कोणाच्या नावावर, रोज कोण भारणार, बंद पडल्यास तोटा कोणाचा, बॅटरी बदलण्यासाठी दर महिन्याला किती रक्कम बाजूला आणि वेगळे होताना किंमत कशी ठरणार, या पाच गोष्टी पहिल्या दिवशी लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात.

ज्यांचे किलोमीटर जास्त, रक्कम हाताशी आणि हमी लेखी, त्यांनी विजेची गाडी घेण्यास हरकत नाही. ज्यांचे किलोमीटर कमी व सारी रक्कम कर्जाची, त्यांनी आधी भागीदार शोधावा, मग गाडी.